रसवंतीच्या तोंडचं पाणी

हेवा कशाकशाचा करावा याला माणसानं काही मर्यादा ठेवावी, असं मी इतकी वर्षं लोकांना सांगत आले. शेजारणीच्या पडद्यांचा हेवा मी समजू शकते. जावेच्या बारीक कमरेचा तर करायलाच हवा, नाहीतर घराण्यात बोलायला विषय राहत नाहीत. पण वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी एका परक्या बाईच्या थुंकीवर माझा डोळा जाईल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मी बसस्थानकावर निवेदिका आहे. म्हणजे तुम्ही फलाटावर बॅगा सांभाळत उभे असता आणि वरून ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ असं ऐकू येतं, ती मी. सकाळी सहा ते दुपारी दोन ही पाळी माझी. दोनपासून रात्री दहापर्यंत रसवंतीची. रसवंती हे काही तिचं खरं नाव नाही, ते मी ठेवलं. ती बोलताना प्रत्येक ‘स’ असा ओलाचिंब निघतो की ऐकणाऱ्यानं रुमाल काढावा. नाव कौतुकानं ठेवलं असा तिचा समज आहे, आणि लोकांचे चांगले समज मोडायची मला सवय नाही. माझ्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठी आहे. सेवापुस्तकात मी स्वतः पाहिलंय. तरी मला ‘ताई’ म्हणते.

तर एक दिवस आगारप्रमुखांनी आम्हा दोघींना पाळी बदलायच्या वेळेस गाठलं आणि सांगितलं की आता सगळ्या सूचना एकदाच रेकॉर्ड करून संगणकात भरायच्या. गाडी लागली की संगणक आपोआप बोलणार. आवाज एकीचाच राहील, म्हणजे प्रवाशांचा गोंधळ नको. जिचा आवाज, ती निवेदन कक्षाची प्रमुख. दुसरीनं चौकशीच्या खिडकीवर बसायचं.

“कुणाचा घ्यायचा ते कसं ठरवणार?” मी विचारलं.

“दोन महिन्यांनी अठ्ठावीस तारखेला रेकॉर्डिंगवाला येईल. जिचा स्वच्छ येईल तिचा,” ते म्हणाले, आणि वर, “तुम्ही दोघी काय, बहिणी-बहिणीसारख्याच,” असं म्हणून निघून गेले. ज्या माणसाला बहिणी नसतात तोच असं बोलतो.

आता आवाज म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. सव्वीस वर्षं मी रोज पहाटे उठून या गावाला जागं करून कामाला लावलंय. माझ्या तोंडून निघाल्याशिवाय गाडी सुटत नाही. आमच्या ह्यांना घरात माझं एकही वाक्य पूर्ण ऐकू येत नाही, पण तिथं शेकडो माणसं माझ्या शब्दासरशी सामान उचलून पळतात. ते माझं राज्य होतं, आणि ते खिडकीवर बसून कुणाला तरी ‘संडास त्या बाजूला’ असं सांगण्यात संपावं, हे मला मान्य नव्हतं.

रेकॉर्डिंगवाल्यानं आधी नमुना म्हणून दोघींचं एकेक वाक्य घेतलं. माझं त्यानं परत ऐकवलं. ‘प्रवाशांनी टक् कृपया टक् लक्ष टक् द्यावे टक्.’

“हे टकटक काय आहे?” मी विचारलं. “तुमचं मशीन तपासा.”

“मशीन नाही बाई, तुमची जीभ आहे,” तो म्हणाला. “तोंड कोरडं पडलंय. जीभ टाळूला चिकटते आणि सुटताना वाजते. कानाला एरवी कळत नाही. हा माईक मात्र कुणाचं झाकत नाही.”

मग त्यानं रसवंतीचं ऐकवलं. काय सांगू. धुऊन वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीसारखं स्वच्छ. मी तोंडानं ‘छान’ म्हटलं आणि त्या ‘छान’च्या मागेही टक् झालं, ते सगळ्यांनी ऐकलं.

माझी पाळी, म्हणजे कामाची नव्हे, ती दुसरी, तीन वर्षांपूर्वीच गेली. तेव्हापासून अंगाचा भडका होणं, झोप उडणं, रागाला कारण न लागणं हे सगळं झालं होतं आणि ते मी निमूटपणे, म्हणजे घरातल्या सगळ्यांना सांगून, सोसत होते. पण त्याच पाळीबरोबर तोंडचं पाणीही आटत चाललंय, हे काही माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला वाटायचं, घरचे ऐकत नाहीत म्हणून बोलून बोलून घसा सुकतो.

“तुमचं कसं काय हो कोरडं पडत नाही?” दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी रसवंतीला सहज, अगदी सहज, विचारलं.

“पडत होतं की, ताई,” ती म्हणाली. “वर्षापूर्वी मला रात्रीचा एवढा घाम यायचा, अंथरूण पिळून काढावं लागायचं. डॉक्टरांनी हार्मोनची पट्टी दिली. पोटावर चिकटवायची, आठवड्यातनं दोनदा बदलायची. घाम थांबला आणि त्याबरोबर तोंडही ओलं झालं. सगळ्यांचंच होतं असं नाही म्हणे. माझं झालं.”

सगळ्यांचं नाही, माझं झालं. हे वाक्य तिनं कसं म्हटलं असेल ते तुम्हीच कल्पना करा. मी तर त्यात साखरेत घोळवलेला माज ऐकला. ती असं काही मनात ठेवून बोलत नसते हे मला माहीत आहे, पण हेवा करताना असल्या बारीकसारीक गोष्टी बघत बसलं तर हेवा व्हायचाच नाही.

घरी येऊन मी हा विषय काढला आणि तिथंच चुकलं. ह्यांनी वर्तमानपत्रातून मान न काढता सांगितलं, “कमी बोललीस तर जपून वापरता येईल.” समोरच्या काकू दळण आणायला निघाल्या होत्या, त्या पिशवी खाली ठेवून आत आल्या. त्यांचं म्हणणं, गालात लिंबाची फोड धरायची. वरच्या मजल्यावरचे निवृत्त भूगोलाचे मास्तर जिन्यात ऐकत होते, तेही आले. त्यांनी सांगितलं की तोंड उघडं ठेवल्यानं बाष्पीभवन होतं, तेव्हा बोलताना तोंड शक्यतो मिटून बोलावं. हे त्यांनी मला वहीच्या कागदावर बाण काढून समजावलं. तो कागद काकूंनी नीट घडी करून नेला, दळणाचा हिशोब लिहायला.

मास्तरांचं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मी लिंबू धरलं. तीन दिवस बरं चाललं. चौथ्या दिवशी सकाळची सव्वासातची गाडी लागली आणि मी माईक दाबून म्हणाले, “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. गाडी फलाट क्रमांक सात.” पण फोड नेमकी गालातून जिभेखाली आली होती आणि बाहेर पडलं ‘फलाट क्रमांक हात’. मी सुधारून पुन्हा म्हटलं, पुन्हा ‘हात’. कंट्रोलरनं नंतर अहवालात लिहिलं की दोन-तीन सज्जन प्रवाशांनी हात वर केले, आणि बाकीचे आठ नंबरला गेले. त्या अहवालावर माझी सही घेतली. निवेदनातल्या चुकीसाठी सव्वीस वर्षांत मी पहिल्यांदा सही केली. मला ती करताना कसं वाटलं हे अहवालात लिहायला रकाना नव्हता.

मग मी आगाराच्या दवाखान्यात गेले. तिथं खिडकीत बसलेल्या नर्सबाई मान वर करत नाहीत, नुसत्या लिहितात. “तक्रार?” त्यांनी विचारलं.

“तोंडचं पाणी पळालंय,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार. खरंच पळालं होतं.

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा दयेनं बघितलं, काहीतरी लिहिलं आणि वरच्या मजल्यावर पाठवलं. वर ज्या खोलीत गेले तिथं सोफा होता, टिश्यूचा डबा होता आणि एक अतिशय हळू बोलणारे समुपदेशक होते. माझ्या चिठ्ठीवर नर्सबाईंनी लिहिलं होतं, ‘भयंकर भीती वाटते’. मी पुष्कळ सांगितलं की भीती नाही, लाळ नाही. ते म्हणाले, “नाकारणं हा पहिला टप्पा असतो.” कशाची भीती, असं त्यांनी पाच वेळा विचारलं, तेव्हा वैतागून मी म्हटलं, “अठ्ठावीस तारखेची.” त्यांनी पेन उघडलं. लहानपणी अठ्ठावीस तारखेला काय झालं होतं, यावर आमची पाऊण तास चर्चा झाली. शेवटी त्यांनी भीती कमी करायला तोंडानं खोल श्वास घ्यायला शिकवलं. त्यानं होतं नव्हतं तेही सुकलं.

आठ दिवस असे फुकट घालवल्यावर मी स्त्रियांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी रक्तदाब मोजला, घरात कुणाला गाठ होती का, पायात रक्ताची गुठळी झाली होती का, असं बरंच खोदून विचारलं. मग म्हणाल्या, “नुसत्या लाळेसाठी मी हार्मोन देत नाही. बाकीचा त्रासही आहे तुम्हाला, तेव्हा विचार करता येईल. पण एक लक्षात ठेवा, त्यानं कुणाच्या तोंडाला फरक पडतो, कुणाच्या नाही, आणि पडला तरी काही आठवडे जातात. आधी कोरडेपणा किती आहे ते तर बघू. दातांच्या कॉलेजात सध्या लाळ मोजतायत, पाळी गेलेल्या बायकांची. तिथून मोजून आणा.”

लाळ मोजतात, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. पण एकदा मोजतात म्हटल्यावर माणसाला आपली जास्त यावी असं वाटायला लागतं. मी तर त्या दिवशी सकाळपासून साठवत होते.

कॉलेजात लांबलचक खोलीत खुर्च्यांची रांग होती. हार्मोन घेणाऱ्या बायका ‘अ’ गटात, न घेणाऱ्या ‘ब’ गटात. मी ‘ब’ची चिठ्ठी घेऊन बसायला गेले आणि बघते तर शेजारच्या खुर्चीत ‘अ’ची चिठ्ठी घेऊन रसवंती.

“अय्या, ताई, तुम्ही पण?” ती म्हणाली. “माझ्या डॉक्टरांनीच पाठवलं. म्हणाले, अभ्यासाला उपयोग होईल.” बघा, म्हणजे मी गरजेपोटी आले होते, आणि ही उपकार करायला.

विद्यार्थी डॉक्टरनं समजावलं. मान खाली घालायची, पाच मिनिटं गिळायचं नाही, बोलायचं नाही, जे जमेल ते नरसाळ्यातून हातातल्या नळीत पडू द्यायचं. त्यानं घड्याळ लावलं. ती पाच मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला तिची नळी दिसत होती. पहिल्या मिनिटाला तिची एक रेघ चढली. माझी कोरडी ठणठणीत. मी आंबट आठवून पाहिलं, लिंबू आठवलं, तर ‘फलाट क्रमांक हात’ आठवला. तिसऱ्या मिनिटाला तिच्या नळीत थेंब पडल्याचा आवाज आला. मुद्दाम ऐकवत असल्यासारखा. पाच मिनिटं संपली तेव्हा तिची नळी अर्ध्याच्या वर होती, आणि माझ्या नळीत तळाला थोडा फेस, मुंगीची आंघोळही झाली नसती इतका.

विद्यार्थ्यानं दोन्ही नळ्या लाकडी स्टँडात ठेवल्या, आमच्या नावाचे स्टिकर माझ्या हातात दिले आणि म्हणाला, “आपापल्या नळीला लावा हां, मी बर्फ घेऊन आलोच.” रसवंती तोंड धुवायला बेसिनकडे गेली होती.

यापुढचं मी खुलासेवार सांगणार नाही. एवढंच सांगते, स्टिकर मी लावले. तिचं नाव फेसाच्या नळीवर गेलं आणि माझं भरलेल्या नळीवर. एका क्षणापुरती का होईना, ती सगळी लाळ माझी झाली, आणि मला इतकं गार वाटलं की काय सांगू.

आठवड्यानं निकाल आला. मला बघून प्राध्यापकबाई खुर्चीतून उठल्या. हार्मोन न घेता या वयाला इतकी लाळ त्यांनी पाहिली नव्हती. तिचं पोस्टर करून परिषदेत लावायचं चाललं होतं. माझा फोटो मिळेल का, असंही विचारलं. मी तो अहवाल छातीशी धरून थेट डॉक्टरीणबाईंकडे गेले, आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पण तोवर नंबर लागला होता.

“अरे वा,” डॉक्टरीणबाई अहवाल वाचून म्हणाल्या. “तुमचा तर कोरडेपणाचा प्रश्नच नाही. मग हार्मोनची घाई कशाला? सहा महिन्यांनी बघू.”

“टक्,” माझं तोंड वाजलं.

शेजाऱ्यांना मात्र आनंद झाला. काकूंनी तो आपल्या लिंबाचा विजय मानला. मास्तर म्हणाले, तोंड मिटून ठेवल्याचा परिणाम.

आणि तिकडे रसवंती. तिचा कागदावर फार विश्वास. वेळापत्रकात छापलंय म्हणून न येणाऱ्या गाडीची वाट बघणारी बाई ती. अहवालात आलं की लाळ जवळजवळ नाही, म्हणजे औषध लागू पडत नाही. मग कशाला उगाच घ्यायचं म्हणून तिनं डॉक्टरांना न विचारता पट्टी काढून टाकली.

नऊ दिवसांनी तिच्या आवाजात टक् आलं. खोटं कशाला बोलू, मी पाळी संपवून घरी न जाता फलाट तीनच्या बाकावर बसून ते ऐकलं. पाच सूचना ऐकल्या. मनात उकळ्या फुटत होत्या. पाचव्या सूचनेत ती फलाटाचा नंबर विसरली, थांबली, मग चुकीचा सांगितला.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मानेला ओला रुमाल गुंडाळला होता आणि डोळे सुजले होते. खुर्चीत बसता बसता म्हणाली, “ताई, एक विचारू? माझं काही वाजतं का हो बोलताना? तुमच्याइतका कान कुणाचा नाही, म्हणून विचारते.”

“थोडंसं,” मी म्हटलं.

“मला वाटलंच,” ती म्हणाली, आणि पेल्यातलं पाणी पिऊन माईक जवळ ओढला.

घरी जाताना बसमध्ये मी उभी होते, जागा असूनसुद्धा. हेवा करायला समोरचं माणूस जरा बरं दिसावं लागतं हो. ओला रुमाल बांधलेल्या बाईचा करणार तरी काय. मला माझा राग आला, आणि त्याहून जास्त तिचा आला, की इतका मोठा दगाफटका झाला तरी हिला संशयसुद्धा येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या कारकुनाकडे गेले आणि सांगितलं की अहवालात चूक आहे, दुरुस्त करायचा आहे.

“नावात की पत्त्यात?”

“लाळेत.”

त्यानं खणातून अर्जांची चळत काढली. नावात दुरुस्तीचा अर्ज होता, पत्त्यात होता, वयात होता, मृत व्यक्तीचा दात परत मिळण्याचासुद्धा होता. लाळेत दुरुस्तीचा नव्हता. तो साहेबांना विचारून आला आणि वयाचाच अर्ज खोडून त्यावर ‘लाळ’ लिहिलं. मग म्हणाला, “दोन्ही पक्षांनी समक्ष येऊन सह्या करायच्या. तुम्ही लिहायचं, सदर लाळ माझी नसून समोरच्या बाईंची आहे. त्यांनी लिहायचं, सदर लाळ माझी आहे आणि ती परत मिळण्यास माझी हरकत नाही. दोन प्रतींत.”

“त्यांना न सांगता होणार नाही का?”

“बाई, लाळ त्यांची आहे,” तो म्हणाला. इतक्या साध्या शब्दांत मला कुणी चोर म्हटलं नव्हतं.

त्या दिवशी दोन वाजता मी रसवंतीला सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, दाराकडे पाठ करून, म्हणजे तिला जायचं झालं तर मला बाजूला करावं लागेल. तिनं ऐकून घेतलं. मध्ये दोन पाचची गाडी लागली, तेव्हा मला हातानं थांबवून तिनं सूचना दिली, फलाटाचा नंबर बरोबर सांगितला, आणि माईक बंद करून माझ्याकडे वळली.

“अकरा दिवस,” ती म्हणाली. “अकरा दिवस मी झोपले नाही. लेकीला फोनवर नको नको ते बोलले. तिनं आता फोन उचलणं बंद केलंय.”

मी दारातून बाजूला झाले.

“एवढं काय होतं हो माझ्याकडे?” ती म्हणाली. “थुंकीच ना?”

तिनं आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. माझ्याकडेही चार वाक्यं तयार होती. पण तिनं नुसतं वेळापत्रक पुढं ओढलं आणि विचारलं, कॉलेज किती वाजता बंद होतं.

आमच्या सुट्ट्या कधीच एका दिवशी येत नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशी दोन तास कंट्रोलर स्वतः माईकवर बसले. त्या दोन तासांत काय झालं याची चौकशी अजून चालू आहे. आम्ही दोघी कारकुनासमोर शेजारी शेजारी बसलो. तिनं ‘हरकत नाही’ लिहिलं आणि पेन माझ्याकडे सरकवलं, माझ्याकडे न बघता. प्राध्यापकबाईंनी पोस्टर रद्द केलं. जाताना रसवंतीनं मला एवढंच विचारलं, “आगारप्रमुखांना सांगितलंत?” मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, “मग मीही नाही सांगत.” यावर मी आभार मानायला हवे होते. पण माझ्या मनात आलं, आता ही बाई चांगुलपणातही पुढं जाणार.

तिनं डॉक्टरांना विचारून पट्टी पुन्हा सुरू केली. मला माझ्या खऱ्या, म्हणजे फेसाच्या, अहवालावर डॉक्टरीणबाईंनी पट्टी लिहून दिली, आणि दोन्ही अहवाल एकाच बाईचे कसे, हे मोठ्या मनानं विचारलं नाही. पण मधे इतके दिवस गेले होते की अठ्ठावीस तारखेला माझी पट्टी जेमतेम तीन आठवड्यांची होती. अंगाचा भडका थोडा शमला होता. तोंड होतं तिथंच होतं.

त्या दिवशी आधी माझं झालं. मी तीन पेले पाणी पिऊन बसले, हळू बोलले, जपून बोलले. रेकॉर्डिंगवाला काचेपलीकडून अंगठा वर करत होता, पण त्याच्या चेहऱ्यावर टक् दिसत होतं. मग ती बसली. सगळ्या सूचना, एकूण एकशे ऐंशी, तिनं एका बैठकीत म्हटल्या. मी काचेबाहेर उभी राहून ऐकल्या. लपवण्यात अर्थ नाही, ती निर्मळ बोलत होती, आणि मला ते सहन होत नव्हतं.

सोमवारपासून संगणक बोलायला लागला आणि मी चौकशीच्या खिडकीवर बसायला लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी पिशवी घेतलेला एक वयस्कर माणूस खिडकीशी आला आणि शेवटची गाडी किती वाजता म्हणून विचारलं. मी सांगितलं. तो जायचं सोडून हसत उभा राहिला.

“आवाज ओळखला,” तो म्हणाला. “वरून बोलता त्या तुम्हीच ना? वीस वर्षं ऐकतोय. सकाळी कामाला जाताना तुम्ही, संध्याकाळी परत येताना तुम्ही. मी घरी बायकोला नेहमी म्हणतो, या बाई घरी कधी जातात कोण जाणे.”

मी खिडकीतून पुढं वाकले. “सकाळचा आणि संध्याकाळचा आवाज वेगळा नाही वाटला कधी?”

“छे. एकच बाई ना?”

रसवंती नेमकी तेव्हा काही कागद द्यायला माझ्या मागं येऊन उभी होती. खरं तेच सांगून टाकावं, एकदा तरी तिच्याआधी मोठेपणा घ्यावा, म्हणून ‘नाही हो, यांचा’ असं मी म्हणणार होते. शब्द जिभेवर आला होता. जीभ टाळूला चिकटली.

“हो, यांचाच,” रसवंती मागून म्हणाली.

तो माणूस समाधानानं मान हलवून गेला. मी तिच्याकडे वळले. “असं का म्हणालात?”

“त्याला एकच ऐकू येतो, ताई,” ती म्हणाली. “त्याचा समज कुठं मोडायचा.” आणि कागद ठेवून गेली.

वरून संगणक बोलायला लागला. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी तो आवाज डोळे मिटून ऐकला, आणि शपथेवर सांगते, क्षणभर मलाही कळेना की ही ती आहे की मी. मग ‘कृपया’नंतर तो अर्ध्या श्वासाचा थांबा आला. तो थांबा माझा होता. नोकरीला लागली त्या आठवड्यात मीच तिला तो शिकवला होता. आणि मेलीनं तो माझ्यापेक्षा चांगला घेतला होता.